ओळखीची खूण : नाही

"सिलिंडर काढा, तिजानीभाऊ. मागची ती प्लास्टिकची खुर्चीपण काढा. आणि..." नवरीच्या आईने आवाज खाली आणला, "ही कोपऱ्यातली, हिरव्या झग्यातली."

"ही नवरदेवाची आत्या ना?"

"म्हणूनच तर."

तिजानीने चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक स्क्रीनला लागेल इतका तो पुढे वाकला. आत्याबाईंचा कोपर केकच्या टेबलावर असा ठाण मांडून बसला होता, की त्यांना उठवायचं तर अर्धा केकही उठला असता.

"आत्या जाईल," तो म्हणाला. "पण केक अर्धा नवा करावा लागेल. गुरुवारी या."

"सावकाश करा. फक्त मागमूस राहता कामा नये."

हे तिजानीला कोणी सांगायची गरज नव्हती. रास मिल्हा या बंदराच्या गावात अडतीस वर्षं त्याचं फोटोचं दुकान होतं आणि अडतीस वर्षांत त्याने किती माणसं काढली याचा हिशेब त्यालाही देता आला नसता. तलाक झालेले नवरे, भांडण झालेले भाऊ, लग्नाच्या मांडवात नेमकं मध्ये येऊन उभं राहिलेलं बकरं, भिंतीवरचा ओलीचा डाग, दोरीवरच्या चड्ड्या. जे नको ते काढायचं आणि तिथे आधीपासून भिंतच होती असं दाखवायचं. चेहरे तर न सांगताच साफ व्हायचे. मुरूम, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं जायचं. सावळ्याचा गव्हाळ आणि गव्हाळाचा गोरा करूनच तो फोटो पाकिटात घालायचा. चौदाव्या वर्षी माल्टाहून आलेल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली तो लागला, तेव्हा काचेच्या टेबलावर निगेटिव्ह ठेवून, सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन सुरकुत्या भरायचं काम असे. पुढे कॉम्प्युटर आला, पेन्सिल गेली, हात तोच राहिला. डाळ निवडणाऱ्या बाईचं बोट जसं आपोआप खड्यावर जातं, तसा त्याचा हात डागावर जाई. त्यात डोकं लागत नसे.

दुकानाच्या भिंतीवर त्याच्या बायकोचा, हसीबाचा, लग्नातला फोटो होता. त्यातही तिच्या गालावरचा तीळ त्याने काढला होता. "माझा फोटो म्हणून माझ्या बहिणीचा लावलास की काय?" असं ती हसून म्हणाली होती. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. तो तीळ डाव्या गालावर होता की उजव्या, हे हल्ली त्याला काही केल्या आठवत नसे आणि कोणाला विचारायची लाज वाटे.

नवरीची आई गेली तशी दाराबाहेर मोपेड लावून उभा असलेला शादली आत आला. शादली सरकारी दवाखान्याची रुग्णवाहिका चालवायचा. दोघे एका बाकावर शिकलेले, एकाच वर्षी नापास झालेले. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन होता.

"अकरा आहेत," शादली म्हणाला.

"कोण अकरा?"

"माझे."

तिजानीला कळलं. चोरून इटलीला निघालेल्या होड्या बुडाल्या की समुद्र ज्यांना किनाऱ्यावर आणून टाकायचा, त्यांना उचलून आणायचं काम शादलीकडे होतं. पुढचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. तो त्यांना आंघोळ घालायचा, कफन गुंडाळायचा आणि मिठागरांमागे मिळालेल्या जमिनीच्या तुकड्यात पुरायचा. पुरण्याआधी प्रत्येकाचा एक फोटो काढायचा, कोणी विचारत आलं तर दाखवायला.

"लोक येतात रे," तो म्हणाला. "कुठून कुठून येतात. फोन पुढे केला की पहिल्याच फोटोला तोंड फिरवतात. बघतच नाहीत, तर ओळखणार काय? दोन क्षण बघता येईल असं कर. रंग तेवढा सुधार. गोरंबिरं करू नकोस, नवऱ्या नाहीत त्या."

"मेलेल्यांचं काम मी करत नाही, शादली."

"जिवंतांचं तरी कुठे करतोस? त्यांचे मेणाचे पुतळे करतोस." शादलीने फोन टेबलावर ठेवला. "उद्या नेतो."

तो गेल्यावर तिजानीने फोन पिशवीतून बाहेर काढला. मग त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि पहिला उघडला. बघवत नव्हतं. पण हात कामाला लागला की डोळ्यांचं फारसं चालत नाही, हे त्याला ठाऊक होतं. निळा कमी केला, हिरवा कमी केला, थोडी ऊब घातली. ओठांची कड वर आणली. अर्ध्या तासाने पहिला माणूस माणसासारखा दिसायला लागला आणि तिजानीने कपाळावरचा घाम पुसून दुसरा घेतला.

सातव्या फोटोला दुपारचे चार वाजले होते. एकवीस नोव्हेंबर, असं शादलीने खाली लिहिलं होतं. समुद्राने चेहऱ्याचं काही ठेवलं नव्हतं. मान तेवढी बरी होती. तिजानीने रंग सुधारला, मानेवर आला आणि सवयीने डाव्या कानाखालच्या डागावर माउसचा गोल नेऊन ठेवला. शेजारची चांगली कातडी उचलायची आणि डागावर टाकायची. बोट खाली दाबणार, एवढ्यात ते थांबलं.

तो डाग ऑलिव्हच्या पानाच्या आकाराचा होता. पानाचं देठ खाली कॉलरकडे वळलेलं. देठाशी थोडं जपून काढायला लागतं, नाहीतर कॉलरची रेघ बिघडते. हे त्याला कसं माहीत होतं? डोळ्यांच्या आधी हाताने ओळखलं होतं. हा डाग त्याने याआधी तीनदा काढला होता. एकदा सहावीच्या शाळेच्या फोटोतून, एकदा ओळखपत्राच्या फोटोतून आणि शेवटी गेल्या नोव्हेंबरात, मबरूकाने आणलेल्या फोटोतून.

मबरूका त्याच्याच गल्लीच्या टोकाला राहायची. नवरा कधीच गेलेला, स्वतः सार्डिन डब्यात भरायच्या कारखान्यात. एकुलता एक मुलगा, वज्दी, बावीस वर्षांचा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो कोणालाही न सांगता इटलीच्या होडीत बसला होता. दहा दिवस फोन नाही, तेव्हा ती त्याचा मागे राहिलेला, काच तडकलेला जुना फोन घेऊन तिजानीकडे आली होती. त्यात कोणाच्या तरी लग्नातला फोटो होता. वज्दी उभा आणि शेजारच्या मित्राचा हात त्याच्या खांद्यावर.

"फक्त माझा वज्दी पाहिजे," ती म्हणाली होती. "हरवलेल्यांची नोंद करतात त्या ऑफिसात द्यायचाय. मोठा कर. दुसरं कोणी नको त्यात."

तिजानीने मन लावून केलं होतं. मित्र काढणं सोपं होतं, पण खांद्यावर त्याची चार बोटं उरली होती. ती काढून तिथे शर्टाच्या रेघा जुळवायला तासभर गेला होता. त्या बोटांची त्याला आठवण होती. मान साफ केल्याची मात्र अजिबात नव्हती. तो पानाचा डाग कधी गेला, ते त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं. आणि काम झालं की मूळ फोटो पुसून टाकायचा, ही त्याची जुनी पद्धत. नको ते ठेवून दुकानात अडगळ कशाला?

त्याने शटर पूर्ण खाली ओढलं आणि चालत दवाखान्याच्या मागच्या शेडकडे गेला. शादली रुग्णवाहिकेचं मागचं दार धूत होता.

"सातवा," तिजानी म्हणाला. "तो मबरूकाचा आहे."

शादलीने पाण्याचा पाइप खाली ठेवला. आत जाऊन त्याने आपली वही आणली, चाळली आणि बोट ठेवून वाचलं. "एकवीस नोव्हेंबर. पुरुष, वीस ते पंचवीस. मानेवर डावीकडे भाजल्याची जुनी खूण. ही मी ऑफिसला कळवली होती, तिजानी. त्यांनी हरवलेल्यांचे सगळे अर्ज बघितले. खूण कोणाशीच जुळली नाही. वज्दीच्या अर्जावर काय होतं माहितीये? ओळखीची खूण, नाही. फोटो बघितला, त्यात मान साफ. मग मबरूकाला बोलवायचं तरी कशाला, असं म्हणाले. मलाही तेच वाटलं."

तिजानी शेडमधल्या उलट्या बादलीवर बसला. घरापासून सहा किलोमीटरवर समुद्राने पोराला आणून दिलं होतं, आणि तिजानीने ते परत पाठवलं होतं. त्याला असं वाटलं आणि हे वाटणं बरोबरच होतं.

"कुठली कबर?" त्याने विचारलं.

शादलीने वही मिटली. "त्या दिवशी तीन आणले होते. विटेवर रंगाने आकडे घातले होते मी. जानेवारीत पाणी भरलं तिथे, तुला माहीतच आहे. विटा वाहून कुंपणाला लागल्या. तिघांतला एक, एवढं नक्की. कोणता ते मला सांगता येणार नाही."

"तिला सांगायला पाहिजे."

"ती दर शुक्रवारी ऑफिसच्या पायरीवर बसते. परवा मला म्हणाली, सिसिलीच्या तुरुंगात फोन देत नाहीत, म्हणून वज्दीचा फोन येत नाही. रमजानात शेजारणीकडून त्याच्यासाठी स्वेटर विणून घेतलाय." शादलीने पाइप उचलला. "तू सांगितलंस तर मेला. नाही सांगितलंस तर हरवलेला आहे. तोंड तुझं आहे, बाबा."

त्या रात्री तिजानीने कोणाला काही सांगितलं नाही. न सांगण्यात एक सोय होती, हे त्याला चांगलं समजत होतं. शादली बोलणार नव्हता. मबरूका आशेवर आणखी दहा वर्षं काढू शकली असती, आणि त्याच्या दुकानाचं नाव होतं तसंच राहिलं असतं. पण सकाळी दुकान उघडलं आणि समोर हसीबाचा फोटो दिसला. दोन्ही गाल सारखेच स्वच्छ. तो तसाच उलट पावली बाहेर पडला.

मबरूका कारखान्याला जायच्या तयारीत होती. त्याला बघून तिने चुलीवर चहाचं पाणी ठेवलं.

"बस, भाऊ. एवढ्या सकाळी? दुकान कुणावर सोडलंस?"

"वज्दीची आई," तो म्हणाला, आणि घोकून आलेलं वाक्य सोडून त्याने दुसरंच विचारलं. "वज्दीच्या मानेवर भाजल्याची खूण होती ना?"

तिचा हात साखरेच्या डब्यात थांबला. "होती."

"फोटोतून मी ती काढली. चुकून. हाताच्या सवयीने."

"माहितीये मला."

"माहितीये?"

ती खाली बसली. बोटांना लागलेली साखर तिने झग्याला पुसली. "चार वर्षांचा होता. रमजानात मी ब्रीक तळत होते, अंडं भरलेल्या घड्या. तो पायात आला, मी त्याच्यावर ओरडले आणि कढईला धक्का लागला. माझाच. रोज जेवायला बसला की समोर ती मान दिसायची. तो बिचारा कधी बोलला नाही. फोटो काढायचा तर उजवी बाजू पुढे करून उभा राहायचा, एवढंच." तिने तिजानीकडे बघितलं. "तू फोटो दिलास तेव्हा मी पहिल्यांदा तेच बघितलं. तुला सांगायला तोंडही उघडलं. मग म्हटलं, राहू दे. मी काही न केलेला वज्दी एकदा तरी बघू दे मला."

चहाचं पाणी उकळून आटत चाललं होतं. कोणी उठलं नाही.

"ऑफिसातल्या बाईने विचारलं, अंगावर काही खूण? मला वाचता येत नाही, लिहिता येत नाही. मी म्हटलं, फोटोत आहे तसाच आहे. तिने लिहून घेतलं." मग एकदम तिचा चेहरा बदलला. "तू का विचारतोयस?"

तिजानीने सांगितलं. एकवीस नोव्हेंबर, शादलीची वही, तीन कबरी, वाहून गेलेल्या विटा. काही गाळलं नाही आणि काही साफ केलं नाही.  संपल्यावर ती उठली आणि चुलीवरचं रिकामं झालेलं भांडं उतरवून ठेवलं.

"त्याला आंघोळ कोणी घातली?"

"शादलीने."

"गरम पाण्याने?"

"हो," तिजानी म्हणाला. त्याला माहीत नव्हतं.

मग ती रडली. गल्लीतल्या बाया धावून आल्या, तेव्हा तिजानी दाराबाहेर उभा होता आणि आत जायचं की घरी जायचं हे त्याला कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी मबरूका स्वतःच दुकानात आली. तिला आता एकच गोष्ट हवी होती, कबरीवर नाव. पोरगा गेला तो गेला, पण तीन ढिगाऱ्यांपैकी आपला कोणता ते कळायला हवं, म्हणजे शुक्रवारी कोणाजवळ बसायचं ते ठरेल. त्यासाठी कबरी उघडून तपासणी व्हायला लागणार होती. कबर उघडायची तर कोर्टाची परवानगी, आणि परवानगीला काहीतरी आधार. ऑफिसातल्या बाईने सांगितलं होतं, ज्यात खूण दिसते असा वज्दीचा एखादा फोटो आणा.

असा फोटो जगात नव्हता. जुना फोन हिवाळ्यातच फुगून मेला होता आणि भंगारवाल्याने नेला होता. मोबाइलवर मित्रांकडे होते त्यात वज्दी उजवी बाजू पुढे करून उभा. बाकी जे काही कागदावर होतं, शाळेपासून ओळखपत्रापर्यंत, ते सगळं या एकाच दुकानातून, या एकाच हाताखालून गेलेलं.

"तूच काढलीस," मबरूका म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिजानीला जास्त लागलं. "तूच घाल."

ती स्टुलावर त्याच्या शेजारी बसली. तिजानीने नोव्हेंबरातला फोटो उघडला. स्वच्छ मानेचा, स्वच्छ खांद्याचा, एकटा वज्दी. बाजूला त्याने शादलीचा सातवा फोटो उघडला, पण आधी सगळा झाकून फक्त मानेचा, काड्यापेटीएवढा तुकडा उघडा ठेवला.

"हा तोच आहे?" तिने विचारलं.

"तोच आहे."

तिने बोट पुढे करून स्क्रीनवर त्या पानावर टेकवलं. तिजानी थांबून राहिला. उभ्या जन्मात त्याने हजार डाग काढले होते, पण घातला एकही नव्हता. त्याने मेलेल्या मानेवरचा डाग उचलला आणि जिवंत मानेवर ठेवला. तो तिथे निळाकाळा, परका दिसत होता. त्याने निळा कमी केला.

"एवढा काळा नव्हता," मबरूका म्हणाली. "गुलाबी होता. उन्हाळ्यात गडद व्हायचा."

"हे लग्न कधीचं?"

"जूनमधलं."

"मग थोडा गडद ठेवतो."

"हां. आता खाली. अजून खाली. कॉलरच्या आत जायचा तो. देठ आत." ती नकळत स्वतःच्याच मानेवर बोट फिरवून दाखवत होती. "इथे कातडी जरा ओढलेली होती. हसला की इथे घडी पडायची. पण इथे तो हसत नाहीये ना?"

"नाही."

"मग घडी नको."

तास गेला, दीड तास गेला. शेवटी ती एकदम गप्प झाली, तेव्हा तिजानीला कळलं की डाग बरोबर बसला. त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात चांगलं काम होतं. त्याचं त्यालाच वाईट वाटलं. त्याने तीन प्रती काढल्या. एक अर्जासाठी, एक तिला, आणि एक त्याने कोणाला न विचारता हसीबाच्या शेजारी भिंतीवर लावली.

कोर्टातला कारकून तिजानीला ओळखत होता. त्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो याच दुकानातले. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या, फोटो हातात घेतला आणि मग फाइल उघडून दुसरा फोटो त्याच्या शेजारी ठेवला.

"तिजानीसाहेब, हा नोव्हेंबरातला. हा आताचा. तोच शर्ट, तोच उभं राहण्याचा ढंग, मागे तीच भिंत. त्यात खूण नाही, यात आहे. मी कोणता खरा धरू?"

"हा खरा."

"आणि तो कोणी केला?"

"मीच."

"आणि हा?"

तिजानी टेबलावरच्या दोन मानांकडे बघत राहिला.

"हाही तुम्हीच. अख्ख्या गावाला माहितीये तुमच्या हातात काय जादू आहे ते." कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने आवाज खाली आणला. "हात फिरवलेला फोटो पुरावा म्हणून चालत नाही, हे मी तुम्हाला सांगायचं का?"

"मी आई आहे त्याची," मबरूका म्हणाली. "मी सांगते ना खूण होती म्हणून. मीच भाजलं त्याला."

"मावशी, तुमच्याच अर्जावर लिहिलंय. ओळखीची खूण, नाही. खाली तुमचा अंगठा आहे." त्याने कागद तिच्याकडे वळवला, जणू तिला वाचता येणार होतं. "आज खूण नाही म्हणायचं आणि उद्या आहे म्हणायचं, तर वरचा साहेब मला वेड्यात काढेल. रक्ताच्या नात्याची तपासणी करायची तर हाड लागतं. हाड हवं तर कबर उघडायला लागते. कबर उघडायची तर आधार. आधार काय, तर हा फोटो." त्याने फोटो परत केला. "माझ्या हातात असतं तर मी नाही म्हटलं नसतं."

"बरं," मबरूका म्हणाली. तिने फोटो ओढणीखाली घेतला आणि उठली. पायऱ्या उतरताना तिजानीने तिला आधार द्यायला हात पुढे केला, तो तिने घेतला नाही आणि झिडकारलाही नाही.

गुरुवारी नवरीची आई आपले फोटो न्यायला आली. सिलिंडर नव्हता, खुर्ची नव्हती, आत्या नव्हती आणि केक अख्खा होता. ती इतकी खूश झाली की उठवेना. बसल्या बसल्या भिंतीकडे बघत तिने डोळे बारीक केले.

"तिजानीभाऊ, या पोराच्या मानेवर काहीतरी राहिलंय बघा. दिसलं नाही वाटतं तुम्हाला?"

"दिसलं," तिजानी म्हणाला आणि तिचं पाकीट बांधायला घेतलं.

शुक्रवारी तो शादलीबरोबर मिठागरांमागे गेला. मबरूका आधीच आली होती. वारा खारट होता आणि कुंपणाला लागलेल्या विटांवरचा रंग धुऊन गेलेला. शादलीने लांबूनच हाताने तीन ढिगारे दाखवले आणि तो आपल्या कामाला निघून गेला.

मबरूका तिन्हींच्या समोर उभी राहिली. ती एका जवळ जाऊन वाकली, मग दुसऱ्याजवळ, मग परत पहिल्याकडे आली. आईला कळतं असं लोक म्हणतात. तिजानीने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळत नाही हे त्याला कळलं. फोटो तिने छातीशी धरला होता. तो कुठे ठेवायचा हे ठरेना, तेव्हा तिने तो परत पिशवीत घातला आणि पिशवीतून मातीच्या वाट्या काढल्या. कबरीवर पाखरांसाठी पाणी ठेवायची पद्धत आहे. तिने तीन वाट्या आणल्या होत्या.

"उरलेल्या दोघांनाही आया असतील," ती म्हणाली.

तिजानीने बरोबर आणलेला पाण्याचा डबा तिरका केला. तिने पहिल्या ढिगाऱ्यावरची वाटी काठोकाठ भरून घेतली, मग दुसरी. तिसऱ्या वाटीला पाणी अर्धंच पुरलं. तिने वाटी जमिनीवर टेकवली नाही, हातातच धरून ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं. नळ रस्त्यापलीकडे, मशिदीपाशी होता. तिजानी रिकामा डबा घेऊन तिकडे चालू लागला.